आधी तुझा दात

वकीलबाईनं तोंड उघडलं, पण ते दात दाखवायला नव्हे. "डॉक्टरकाका, तुला कधी कुणी दिलीय का ही?" तिनं विचारलं. 'ही' म्हणजे कोण, हे त्यानं तिला अजून सांगितलंच नव्हतं. ही त्याच्या उजव्या हातात होती, उजवा हात खुर्चीच्या पाठीमागे होता, आणि तोंडानं तो समुद्रातल्या एका आळशी माशाची गोष्ट सांगत होता. सुई लपवावी कशी, यात मुलांच्या दातांच्या विभागात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती कानामागून, हनुवटीखालून अशी अलगद तोंडात जायची की मुलाला पत्ता लागायचा नाही. नवे विद्यार्थी हे बघायला उभे राहत. "हो तर," तो म्हणाला, "कितीतरी वेळा दिलीय. काही नसतं गं त्यात. मुंगी चालल्यासारखं वाटतं." सहा वर्षांच्या वकीलबाईनं त्याच्याकडे पोहण्याच्या निळ्या चष्म्यातून पाहिलं. दात कोरायच्या यंत्राचं पाणी डोळ्यांत उडतं म्हणून तो चष्मा ती घरूनच लावून यायची. आणि वकीलबाई हे नाव तिला सिस्टरनं ठेवलं होतं, कारण पहिल्या दिवशी खुर्चीवर बसण्याआधी तिनं खुर्ची कोणाची, आधी तिच्यावर कोण बसलं होतं आणि तो माणूस आता कुठे आहे, अशी रीतसर उलटतपासणी घेतली होती. तिनं पाहिलं, तोंड उघडलं, सुई गेली, औषध गेलं, चष्म्याच्या आत थोडं पाणी साचलं, दाढ स्वच्छ झाली, भरली. सगळं यथासांग. मग सिस्टरनं चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. ओळीनं सहा चेहरे, एका टोकाला खदखदा हसणारा, दुसऱ्या टोकाला धाय मोकलून रडणारा, आणि मुलानं आपल्याला किती दुखलं त्याप्रमाणे एकावर बोट ठेवायचं. वकीलबाईनं तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "ह्यात खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नाहीये," ती म्हणाली.

सिस्टर हसल्या. कोपऱ्यात बसलेले वकीलबाईचे आजोबा तर इतके हसले की त्यांना कवळी सावरावी लागली. तो हसला नाही. "मुंगी नव्हती ती," बधिर ओठ सांभाळत वकीलबाई शांतपणे म्हणाली. "तुला कुणी दिली असती तर तुला कळलं असतं, की मुंगी नसते." या युक्तिवादात कुठे फट आहे का, हे तो शोधत राहिला आणि तेवढ्यात ती खुर्चीवरून उतरलीसुद्धा. दुसऱ्या बाजूची दाढ अजून बाकी होती, ती जास्त किडलेली होती, आणि त्या बाजूला जबडा किंचित सुजला होता. "पुढच्या गुरुवारी ये हं," तो म्हणाला. "येते," ती म्हणाली. "पण आधी तुझा दात. मग माझा." आणि चष्मा कपाळावर सरकवून बाहेर पडली. "नशीबवान आहेत आताची पोरं," आजोबा जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या वेळी दोघं पाय धरायचे आणि तिसरा दात धरायचा. भूल होती, नाही असं नाही. पण ती दात निघाल्यावर आपोआप यायची. तिचं मात्र खरं बघा हं. ती बोलते ते करते. घरी मुळ्याच्या भाजीच्या बाबतीत आम्ही हरलोय."

बसमध्ये उभ्यानं जाताना त्याला वाटत राहिलं की आपल्याला काही झालेलं नाही. एक पोर काहीतरी बोललं. पोरं बोलतात. गेल्या महिन्यात एकानं त्याला, तुझ्या नाकात केस का आहेत, असं विचारलं होतं. तेव्हा कुठे त्याची झोप उडाली? पण जीभ, जी दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडांबद्दल बोलून दमलेली असायची, ती आता त्याच्या स्वतःच्या तोंडात वरच्या डाव्या बाजूला जाऊन शेवटून दुसऱ्या दाढेतल्या त्या खड्ड्याला हात लावून येत होती, आणि जिभेला हात नसतात हे मान्य करूनही तिचं ते चाचपणं हाताचंच होतं, अंधारात दिव्याचं बटण शोधणाऱ्या हाताचं. खड्डा होता. कधीपासून होता. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यानं स्वतःच्या तोंडात आरसा घालून तो पाहिला होता, आणि आपल्याच घरात चोरून शिरल्यासारखं वाटून आरसा ताबडतोब धुवायला टाकला होता. कारण त्याचे दात हे काही नुसते दात नव्हते. लहानपणी पाहुणे आले, की इतरांच्या घरी मुलांना पाढे म्हणायला लावत, त्याच्या घरी आई म्हणायची, "आ कर रे." तो आ करायचा. पाहुणे वाकून बघायचे, वा वा करायचे, एक मामा तर खिशातली विजेरी काढून बघायचे. शाळेत सुंदर दातांच्या स्पर्धेत त्याला कप मिळाला होता, आणि तो कप बैठकीच्या खोलीत अशा जागी होता, की आलेल्या माणसाला आधी कप दिसायचा, मग तो. ज्याचा गळा चांगला तो गवई होतो, ज्याचे हात बळकट तो पैलवान होतो. याचे दात चांगले, म्हणून हा दातांचा डॉक्टर झाला. यात तर्क काय होता, हे कुणी विचारलं नाही. त्यानंही नाही. आणि आता त्या कपाला आतून भोक पडलं होतं.

शिवाय सुई. सुईची त्याला भीती वाटत नव्हती. म्हणजे सुईच्या जाड टोकाला उभं राहिलं तर मुळीच वाटत नव्हती. कॉलेजात भूल द्यायला शिकवलं ते जोड्या लावून. आज तू हिला दे, मग ही तुला देईल, म्हणजे देणाऱ्याला घेणं कळेल, असा त्या जुन्या सरांचा नियम होता. त्याच्या वाट्याला आली ती चष्मेवाली, बडबडी मुलगी खुर्चीत बसली, तिनं डोळे घट्ट मिटले, त्यानं दिली, आणि ती त्याच्या कामगिरीची चौकशी करायला आलेल्या सरांना अर्ध्या तोंडानं म्हणाली, "थर, छान दिली." मग त्याची पाळी. तो खुर्चीत बसला, आणि तेवढ्यात वीज गेली. सबंध इमारतीची. सर म्हणाले, उरलेल्यांचं पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात परीक्षा लागली. परीक्षेनंतर सर निवृत्त झाले. खुर्चीतून उठताना आपल्याला किती हलकं वाटलं होतं, हे त्यानं पुढे कुणालाही सांगितलं नाही. त्या मुलीला तर नाहीच, जिच्याशी त्यानं नंतर लग्न केलं. ती आता त्याच रुग्णालयात एक मजला खाली मोठ्या माणसांचे दात बघायची, आणि भांडण कशावरूनही सुरू झालं, अगदी ओल्या टॉवेलवरून, तरी शेवटी एका वाक्यावर यायचं: "माझी पाळी अजून राहिलीय, लक्षात ठेव."

आणि गंमत अशी, की हाच माणूस दुखण्याची तुलना करत होता. मोठ्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, अभ्यास काढला होता: एकाच मुलाच्या दोन बाजूंच्या दाढा किडलेल्या असल्या, की एका बाजूला जुन्या स्टीलच्या सिरिंजनं भूल द्यायची आणि दुसऱ्या भेटीत दुसऱ्या बाजूला नव्या यंत्रानं, आधी कोणती, ते चिठ्ठी टाकून. यंत्र म्हणजे एक पांढरी पेटी, तिला बारीक नळी, नळीला पेनासारखी काडी, आणि काडीच्या टोकाला शेवटी सुईच. पण औषध सोडण्याचा वेग माणसाच्या अंगठ्याच्या मर्जीवर नाही, पेटीच्या हिशेबावर, थेंब थेंब. कारण टोचण्यानं दुखतं त्याहून जास्त औषध घाईनं आत रेटल्यानं दुखतं. पेटीला वेगळं टेबल लागे, वर झाकण लागे, तिला धक्का लागलेला चालत नसे आणि मध्येच रुसून ती लाल दिवा लावून बसे; म्हणून सिस्टर तिला जावईबापू म्हणत. "जावईबापूंना बाहेर काढू का?" हे वाक्य विभागात इतकं रुळलं होतं की एकदा बाहेर बसलेल्या एका बाई दचकून उठल्या होत्या. तक्त्यावरचे चेहरे आतापर्यंत तरी जावईबापूंच्या बाजूनं होते. मुलं त्या पेनाला कमी घाबरत. अर्थात तक्त्याचाही काय भरवसा. एकानं सगळ्यात रडका चेहरा निवडला, कारण त्याचे अश्रू छान काढलेत असं त्याचं मत पडलं, आणि एकीनं खदखदा हसणाऱ्यावर बोट ठेवून मग दाराबाहेर जाऊन भोकाड पसरलं. हे सगळं त्याला माहीत होतं. तरीही त्याला आतापर्यंत असं वाटत होतं, की दुखणं ही मुलांच्या बाजूची गोष्ट आहे आणि मोजणं ही आपल्या बाजूची; मध्ये एक खुर्ची आहे, आणि तिच्यावर कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं आहे.

रात्रीच्या जेवणाला बायकोनं काकडीचे जाडजाड काप केले होते. त्यानं एक उचलला, उजव्या गालात ढकलला आणि बकरीच्या संथपणानं चावला. गुरुवारी ती पोरगी तोंड मिटून बसेल, असं तो मनात बोलत होता. तोंड मिटलेल्या मुलाशी कुणाचं काही चालत नाही. मग सूज वाढेल, मग सहा वर्षांच्या पोरीला एका दाढेसाठी मोठ्या शस्त्रक्रियेच्या खोलीत नेऊन पूर्ण बेशुद्ध करावं लागेल, मास्क, नळ्या, सगळं, आणि ते कशासाठी, तर एक माणूस मुंगी म्हणाला म्हणून. "काय झालं?" बायको म्हणाली. "काही नाही." "काही नाही तर काकडी डावीकडे घेऊन दाखव." त्यानं पाण्याचा पेला उचलला. "मी दातांची डॉक्टर आहे रे," ती म्हणाली. "तू गेला हिवाळाभर एका गालानं जेवतोयस. मी म्हटलं, बघू किती दिवस कप सांभाळतो ते." जीभ खड्ड्यात गेली आणि तिथेच बसून राहिली. मग त्यानं सगळं सांगितलं. मुंगी, तक्ता, आधी तुझा दात. सांगून झाल्यावर तो ताटाकडे बघत म्हणाला, "तू देशील का मला? गुरुवारी. तिच्यासमोर." बायकोनं चमचा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो त्यानं लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. "अगं बाई," ती म्हणाली, "आली का शेवटी माझी पाळी!"

गुरुवारी वकीलबाई आली ती चष्मा लावून, हाताची घडी घालून, सुजलेला गाल पुढे करून. मागे आजोबा, आणि या वेळी त्यांनी काखेत उशी घेतली होती, नाटकाला जाताना घेतात तशी. बायको खालच्या मजल्यावरून धुतलेला कोट घालून आली होती, केस वर बांधून, गुणगुणत. "कोणती देणार?" वकीलबाईनं विचारलं. "तुला मागच्या वेळी दिली ती," तो म्हणाला. "आणि आज मला कोणती?" "आज जावईबापू," सिस्टर म्हणाल्या. वकीलबाईनं क्षणभर विचार केला. "मग त्याला दोन्ही. एकीकडे ही, एकीकडे ती. नाहीतर मला कसं कळणार?" संशोधन म्हणून यात नाव ठेवायला जागा नव्हती. तो खुर्चीवर चढला. खुर्ची मुलांची होती. त्याचे पाय गुडघ्यापासून पुढे हवेत राहिले. पाठ मागे गेली, आणि एवढी वर्षं जी खोली त्याला तळहातासारखी पाठ होती, ती खोली कुणीतरी काढून घेऊन तिच्या जागी दुसरीच ठेवली. छतावर मुलांसाठी चिकटवलेले मासे खालून माशांसारखे दिसतच नव्हते. एकाचं कडेनं सुटलेलं शेपूट लोंबत होतं आणि तो फासावर गेल्यासारखा वाटत होता. बायको वाकली आणि तिच्या नाकपुड्या दिसल्या. सिस्टर वाकल्या, त्यांच्याही. म्हणजे मुलांच्या दृष्टीनं आपण म्हणजे दोन नाकपुड्या, मागे दिवा, आणि मधून येणारी माशाची गोष्ट. तो नाकातल्या केसांचा प्रश्न आठवून त्याला त्या मुलाची क्षमा मागावीशी वाटली. हिरडीला स्ट्रॉबेरीचं जेल लागलं. त्याचा स्ट्रॉबेरीशी लांबूनसुद्धा काही नातेसंबंध नव्हता, आणि हे जेल तो रोज "खाऊ" म्हणून लावत आला होता.

"पायाची बोटं हलव," वकीलबाई म्हणाली. तिनं त्याच्या बुटाचं टोक धरलं होतं. "मी सांगेन तेव्हा थांबव." तो बोटं हलवू लागला. बायकोनं त्याच्याच पद्धतीनं, कारण ही पद्धत तिनं त्याच्याकडूनच शिकली होती, उजवा हात खुर्चीमागे नेला आणि गोड आवाजात म्हणाली, "एक होता आळशी मासा." आणि तेव्हा त्याला ती दिसली. सुई. कानामागून निघालेली, हनुवटीकडे सरकणारी, स्पष्ट, झळझळीत, आणि ती होती त्याहून कितीतरी लांब. डोक्यावरच्या दिव्याला बाहेरून स्टीलची कड होती. सिस्टर ती रोज सकाळी अशी घासत की येता-जाता तिच्यात केस नीट करून घेत. आणि त्या चकचकीत कडेच्या वळणात मागचा हात, सिरिंज, टोकावरचा औषधाचा थेंब, सगळा प्रपंच ताणून लांबलचक झालेला दिसत होता, जणू कुणी भाला घेऊन चोरपावलांनी येतंय. त्याला ओरडायचं होतं, पण तोंडात बायकोचा अंगठा होता. टोचली. मुंगी नव्हती. मुंगीच्या नात्यातलीसुद्धा कुणी नव्हती. आधी एक टोक, मग एक दाब, आतून गाल फुगवत जाणारा, डोळ्यांत आपोआप पाणी आणणारा, आणि मग, हळूहळू, गंमत म्हणजे काहीच नाही. अर्धा चेहरा त्याचं सामान घेऊन दुसरीकडे राहायला गेला. "झालं," बायको म्हणाली, आणि नंतर, हलक्या आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "फिटलं." तिचा हात गालावर जरा जास्तच वेळ राहिला. त्याच्या लक्षात आलं, की वीज गेली नव्हती.

मग दुसरी बाजू. जावईबापूंचं झाकण निघालं, पेटी टिकटिकू लागली. त्यानं मुद्दाम वर पाहिलं. कडेत आता काय दिसत होतं? एक हात, हातात पेन, जणू कुणी सही करायला येतंय. छाती धडधडली नाही. टोचलेलं कळलं, दाब जवळजवळ नाही. पण टिक टिक टिक टिक, संपेचना, आणि मध्यावर कधीतरी त्याला चक्क कंटाळा आला. आणि त्या कंटाळ्यात, हवेत पाय, एका बाजूचा गाल परगावी, असा पडलेला असताना त्याला हसू फुटलं. इतक्या मुलांनी इतके चेहरे निवडले, मोठ्या मॅडमनी त्यांच्या सरासऱ्या काढल्या, आणि यातला किती भाग औषधाच्या वेगाचा आणि किती त्या दिव्याच्या कडेचा, हे आता कोण सांगणार? भाला आणि पेन यांची तुलना केली आपण. तो हसायला लागला की बायको म्हणायची, हलू नकोस. मग तो आणखी हसायचा. आवाज ऐकून मोठ्या मॅडम दारात आल्या. त्यांनी खुर्चीत उताण्या कासवासारखा पडलेला आपला सहकारी पाहिला, बूट धरून उभी असलेली मुलगी पाहिली, उशीवर डुलणारे आजोबा पाहिले. "हे काय चाललंय?" त्यानं सुटलेल्या ओठांनी वर बोट केलं. "मॅदम, दिवा." मॅडमनी त्याला उठवलं, स्वतः खुर्चीत बसल्या, पाठ मागे टाकली आणि सिस्टरना म्हणाल्या, "सुई लपवून आणा." सिस्टरनी आणली. मॅडमनी मान इकडून तिकडे वळवून कडेत पाहिलं. मग उठल्या, ड्रेसिंगची पांढरी पट्टी मागितली आणि दिव्याच्या कडेला स्वतःच्या हातानं गोल गोल चिकटवत गेल्या. "पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणून त्या निघून गेल्या. पण दाराबाहेर त्यांचा हसण्याचा आवाज आला, जो विभागात आजवर कुणी ऐकला नव्हता. सिस्टर पट्टीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आता मी केस कुठे बघू?"

बायकोनं त्याला पुन्हा बसवून खड्डा भरून टाकला, मग वकीलबाई खुर्चीवर चढली. ती, तो आणि आता आंधळा झालेला दिवा. "तुला दिसायची का त्यात?" त्यानं शक्य तितक्या ओठांनी विचारलं. "सुई." "सगळ्यांना दिसते," ती म्हणाली. "बाहेर बसतो ना आम्ही, तेव्हा एक दात पडलेला मुलगा सांगतो, वर बघ, दिव्यात दिसते." त्याच्या डोळ्यांपुढून ती सगळी मुलं गेली, आळशी माशाच्या गोष्टीला बरोबर जागी हसलेली, छताकडे बघ म्हटल्यावर दिव्याकडे बघितलेली, सुई येताना पाहूनही आ करून राहिलेली. "मग मला कुणी सांगितलं का नाही?" वकीलबाईनं खांदे उडवले. "तू किती मन लावून लपवायचास. वाईट वाटलं असतं तुला." कोपऱ्यातून आजोबा म्हणाले, "घरी पण असंच सांभाळून घेते आम्हाला." त्यानं मान हलवली. बधिर गालावरून काहीतरी ओघळत होतं आणि ते नेमकं कुठलं पाणी, हे त्या गालाला सांगता येत नव्हतं. "दुखलं का रे?" तिनं विचारलं. "दुखलं," तो म्हणाला. "आधीची जास्त. मग थांबलं. नंतरची कमी, पण कंटाळवाणी." वकीलबाईनं चष्मा काढला. तिचे डोळे त्यानं पहिल्यांदाच चष्म्याशिवाय पाहिले. ते अगदी साधे, लहान मुलीचे होते, आणि त्यांत भीती होती, पुष्कळ होती. "दाखव," ती म्हणाली. त्यानं काडी समोर, उजेडात, तिच्या डोळ्यांपुढे धरली. ती निरखून बघत राहिली. "लहान आहे की," ती म्हणाली. "दिव्यात मोठी दिसते." "हो." "मुंगी म्हणायचं नाही." "नाही म्हणत. मग काय म्हणू?" तिनं विचार केला, डास, माशी, मांजर असं काहीतरी मनातल्या मनात लावून पाहिलं असावं. "काही म्हणू नकोस," ती म्हणाली. "नुसतं, आता टोचतोय, एवढं सांग." चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला, डोकं मागे टेकलं, आणि वकीलबाईनं तोंड उघडलं, पार शेवटच्या दाढेपर्यंत, पाहुण्यांसमोर उघडावं तसं. तो वाकला. तोंड पुन्हा मिटलं.

"आधी लाळ पूस," ती म्हणाली.